लसूणघासात अमरवेल पुन्हा पुन्हा येते: ठिपका कुठे पडलाय ते आधी पाहा

तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते. घास कापला, पिवळे दोरे हाताने ओरबाडून बांधावर टाकले, पाणी दिलं. पुढची कापणी आली तर त्याच जागी ठिपका पुन्हा हजर, आणि मागच्यापेक्षा हातभर मोठा. कुणी खुरपून पाहतो, कुणी औषध मारून पाहतो, शेवटी वैतागून तीन वर्षं चालणारा घास दुसऱ्याच वर्षी मोडतो. रान मोकळं करून पुन्हा घास पेरला की पहिल्याच उन्हाळ्यात अमरवेल उगवून येते.

यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. डोळ्यांना दिसते ती वेल मारणं सोपं आहे. रानात मुक्काम असतो तो तिच्या बियांचा. एक वेल हजारोंनी बी टाकते, आणि त्या बियांचं कवच इतकं कठीण असतं की त्यातलं थोडंच पहिल्या वर्षी उगवतं, बाकीचं मातीत दहा वर्षं आणि त्याहूनही जास्त जिवंत राहू शकतं. म्हणून "वेल कशी काढू" याआधी "नवं बी कुठून येतंय आणि ते कसं थांबवू" हे ठरवायचं. हे एकदा ठरलं की पुढची कामं आपोआप रांगेत लागतात.

तुमच्याकडे नेमकी कोणती आहे?

आपल्याकडे अमरवेल म्हणून दोन वेगळ्या वेली ओळखल्या जातात आणि त्यांची गल्लत झाली की उपाय चुकतात. बांधावरच्या बोरीवर, बाभळीवर, कडूमेंदीच्या कुंपणावर जी पसरते ती जाड असते, सुतळीसारखी, हिरवट पिवळी. ही इथलीच, कस्क्युटा रिफ्लेक्सा. घासात येते ती बारीक, शिवायच्या दोऱ्याइतकी, पिवळी किंवा नारिंगी. ही बहुतेक वेळा कस्क्युटा कॅम्पेस्ट्रिस असते, मूळची उत्तर अमेरिकेची, आणि जगभर पसरली ती मुख्यतः घासाच्या आणि तशाच चाऱ्याच्या बियाण्यातून. बांधावरची वेल झुडपांवर आणि झाडांवर रमते. घासातल्या ठिपक्याचं खापर तिच्यावर फोडून बांध साफ करत बसलात तर घासात काहीच फरक पडणार नाही. बांधाचं काम वेगळं, त्याबद्दल शेवटी लिहितो.

घासातल्या वेलीचा एक दोरा हातात घेऊन पाहा. पान नाही. बुडाशी मूळ शोधलंत तर सापडणार नाही. दोरा घासाच्या काडीला दोन-तीन वेढे घालून बसलेला असतो, आणि वेढा हळूच उलगडला की आतल्या बाजूला ओळीने बारीक फोड दिसतात. तेच तिचे चूषक. ते काडीच्या आत घुसलेले असतात आणि पाणी, साखर, सगळं तिथूनच ओढतात. ओढून काढताना दोरा तुटतो, पण चूषकाचा भाग काडीतच राहतो, आणि त्यातून नवा कोंब फुटू शकतो. हाताने ओरबाडून ठिपका का जात नाही याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर तिच्या जन्मात आहे. बी उगवलं की नुसता एक धागा वर येतो आणि टोक गोल फिरवत आधार शोधतो. त्याच्याकडे बियातलीच शिदोरी असते. आठवड्या-दहा दिवसांत योग्य झाड सापडलं नाही तर तो वाळून मरतो. सापडलं तर वेढा घालतो, चूषक रुजवतो, आणि मातीतला त्याचा बुडखा सुकून जातो. म्हणून वेल दिसायला लागल्यावर खुरपं मातीत चालवण्याला अर्थ नाही, तिथे तिचं काही उरलेलंच नसतं. हा धागा आंधळेपणाने फिरत नाही, हेही सांगायला हवं. 2006 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 'सायन्स' मासिकात दाखवून दिलं की अमरवेलीचा कोवळा धागा टोमॅटोच्या वासाच्या दिशेने वाढतो, आणि गहू व टोमॅटो यांतून टोमॅटोकडे झुकतो. गवताच्या कुळातली पिकं तिला मानवत नाहीत. पुढे फेरपालटात याचा आपल्याला मोठा उपयोग आहे.

ठिपका कुठे आहे, यावरून बी कुठून आलं ते कळतं

कापणीनंतर आठेक दिवसांनी, घास वीतभर झाला की सकाळी रानात एक चक्कर मारा आणि प्रत्येक ठिपक्याशी काठी रोवा. सगळ्या काठ्या रोवून झाल्या की बांधावर उभं राहून त्यांची मांडणी पाहा.

काठ्या रानभर विखुरलेल्या दिसल्या, कुठे एक, कुठे दोन, काही ताळमेळ नाही, तर बी घासाच्या बियाण्यातून आलं. हे सर्वात जास्त आढळतं. हिशेब करून बघा: एकरी दहा किलो बियाणं धरलं आणि किलोमागे अमरवेलीचे फक्त दहा दाणे असले, तर एकरात शंभर दाणे पडले. म्हणजे गुंठ्याला दोन-तीन. प्रत्येक गुंठ्यात दोन-तीन ठिपके उठायला तेवढं पुरेसं आहे.

पाटाच्या कडेने, वाफ्याच्या तोंडाशी काठ्या जास्त असतील तर बी पाण्याबरोबर येतंय. वरच्या रानात किंवा चारीच्या काठावर कुठेतरी वेल बी टाकते आहे. अशा वेळी वरच्या शेतकऱ्याशी बोलणं हाच खरा उपाय, कारण त्याचंही नुकसान होतच असतं. तोवर वाफ्याच्या तोंडाशी बारीक नायलॉनची जाळी लावा आणि दर पाळीला त्यात अडकलेला कचरा काढून जाळा.

जिथे शेणखताचे ढीग टाकले होते तिथेच ठिपके दाट असतील तर दोष खताचा. अमरवेलीचं बी जनावराच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं. फळं धरलेला घास गव्हाणीत गेला, शेण उकिरड्यावर गेलं, उकिरडा रानात आला, असा फेरा पूर्ण होतो. मेंढ्या बसवलेल्या रानातही असं होऊ शकतं. यात धनगराचा काही दोष नाही, मेंढरं आदल्या रानात जे मिळेल ते खातात. पण घास करायच्या रानात मेंढ्या बसवायच्या असतील तर आधीचा मुक्काम कुठे होता हे विचारून घ्या, आणि शंका असेल तर ते रान ज्वारी-बाजरीसाठी ठेवा.

आणि काठ्या बरोबर गेल्या वर्षीच्या जागीच आल्या असतील तर बाहेरून काहीच आलेलं नाही. तिथे गेल्या वर्षी वेलीने बी टाकलं, तेच आता उगवतंय.

हिवाळ्यात वेल दिसेनाशी होते म्हणून फसू नका. या बियाला उगवायला ऊब लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेला घास डिसेंबर-जानेवारीत स्वच्छ दिसतो, थंडी ओसरली की फेब्रुवारी-मार्चमध्ये धागे वर येतात. काठ्या रोवायची फेरी तेव्हा चुकवू नका, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला पुन्हा एक करा.

उभ्या घासात आत्ता काय करायचं

ठिपके मोजके असतील तर घास मोडायची गरज नाही, पण काम नेटाने करावं लागतं.

आधी ठिपक्याची हद्द ठरवा. पिवळं दिसतं त्याच्या बाहेर बारीक धागे बुडाबुडाने पुढे सरकलेले असतात. चारी बाजूंनी हातभर तरी जास्त धरा. रानाची कापणी करताना चांगला भाग आधी कापा, ठिपके सगळ्यात शेवटी. ठिपक्यात ग्रासकटर चालवू नका. त्याने दोऱ्यांचे तुकडे उडतात, आणि ओला तुकडा घासाच्या काडीला लागून पडला तर नव्याने वेढा घालतो. विळ्याने कापा, आणि नेहमीसारखे दोन-तीन इंच बुडखे न ठेवता जमिनीसरपट कापा. सगळ्यात खालचा वेढा कापणीच्या वर राहिला पाहिजे, म्हणजे तो वैरणीबरोबर निघून जाईल. हाच मुद्दा बहुतेकांकडून सुटतो. नेहमीच्या उंचीवर कापल्यावर खालचे दोन इंच वेलीसाठी शाबूत राहतात आणि ती तिथूनच पुन्हा चढते.

कापलेलं सगळं पोत्यात भरा, ओढत नेऊ नका. बांधावर टाकू नका, उकिरड्यावर तर अजिबात नाही. वाळवून जाळा. मग कापलेल्या जागेवर पाचट किंवा वाळका पालापाचोळा वीतभर थर करून पसरा आणि पेटवा. वारा नसताना, शक्यतो सकाळी, बाजूला पाण्याची सोय ठेवून, आणि गोठा किंवा गंजी जवळ असेल तर हा उद्योग करूच नका. घासाचा गड्डा आणि मूळ जमिनीखाली असतं, झटपट आच लागून गेली तर घास पुन्हा फुटतो. बुडख्याला चिकटलेल्या चूषकांना मात्र ती आच सोसत नाही. आच जास्त लागून चार गड्डे मेलेच तर मरू द्या. तेवढी जागा मोकळी राहिलेली परवडते.

पंधरा दिवसांनी त्याच जागी वाकून बघा, गड्ड्यांच्या मधोमध. एखादा धागा दिसला तर त्या काडीसकट काढा. हे दोन-तीन कापण्या करावं लागतं.

कापणीचा दिवस पुढे ढकलू नका, हे सगळ्यात मोलाचं. घास पंचवीस ते तीस दिवसांनी कापतात. वेलीला मळकट पांढऱ्या फुलांचे बारीक घोस येतात, आणि त्यांची गोल फळं व्हायला फार दिवस लागत नाहीत. वैरण पुरेशी आहे, मजूर नाही, म्हणून कापणी दोन आठवडे लांबली की रानात पुढच्या कित्येक वर्षांची भर पडते. घोस दिसले की घास लहान असला तरी ठिपके तेवढे ताबडतोब कापून घ्या. फळं धरलेली वेल जनावराला घालू नये. बी शेणातून परत येतं हे एक, आणि वेल जास्त प्रमाणात पोटात गेली तर जनावराचं पोट बिघडतं हे दुसरं.

अर्ध्यापेक्षा जास्त रान पिवळं झालंय

तर घास मोडा. यात हळहळ वाटते हे मला माहीत आहे, दुधाचं गणित घासावर बसवलेलं असतं. पण असा घास दर कापणीला कमी वैरण देतो आणि दर कापणीला मातीत बी वाढवतो.

मोडायच्या आधी सगळं जमिनीलगत कापून बाहेर काढून जाळा. मग पलटी नांगराने एकदाच खोल नांगरट करा. अमरवेलीचं बी दोन इंचांपेक्षा खोल गेलं तर त्यातला धागा सहसा वर पोचत नाही. मात्र पुढची काही वर्षं खोल नांगरायचं नाही, नाहीतर गाडलेलं बी पुन्हा वर येईल. फक्त कुळव, वखर, वरवरची मशागत.

उन्हाळ्यात पाणी असेल तर पेरणीआधी रान ओलवा. वापसा आला की वरच्या थरातलं बी उगवायला लागतं, धागे दिसतात. आठ-दहा दिवस थांबा आणि हलका कुळव मारा. त्या काळात रानात दुसरं हिरवं तण उगवू द्यायचं नाही, कारण धाग्याला तेवढा आधारही पुरतो. हे दोनदा जमलं तर वरच्या थरातलं उगवण्याजोगं बी बरंच कमी होतं.

मग दोन-तीन वर्षं गवतकुळातलीच पिकं. मका, ज्वारी, बाजरी, गहू, ऊस. चाऱ्यासाठी कडवळ, आफ्रिकन टॉल मका, किंवा बांधाच्या कडेने राहुरी कृषी विद्यापीठाचा फुले जयवंत हा संकरित नेपिअर. प्रथिनं कमी पडतील ती पेंडीतून भरून काढावी लागतील, तो खर्च धरून चाला. मक्यात चवळी मिसळून पेरायची सवय असते ती या रानात बंद ठेवा, चवळीवर अमरवेल चढते. हरभरा, मूग, उडीद, तूर, कारळा, मिरची, टोमॅटो यांपैकी काही नको. नगर-नाशिककडच्या लोकांसाठी खास सांगतो: कांदाही नको. कांदा एकदलवर्गीय म्हणून सुरक्षित वाटतो, पण अमरवेल कांद्याच्या पातीला वेढा घालते.

ज्वारी पेरली म्हणजे झालं असंही समजू नका. ज्वारीच्या ओळींत माठ, चाकवत, गाजरगवत वाढलेलं असेल तर अमरवेल त्यांच्यावर जगते, फुलते आणि बी टाकते, ज्वारीला हातही न लावता. फेरपालटाची दोन वर्षं वाया गेली असं ज्यांना वाटतं, त्यांच्या रानात बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. पहिले दीड महिने रुंद पानाचं तण शिल्लक ठेवायचं नाही.

औषध मारून जात नाही का?

उभ्या घासात, जनावराला रोज घालायच्या वैरणीत, मी तणनाशकाची शिफारस करणार नाही. वेलीला पान नाही, ती घासाच्याच रसावर जगते. ती मरेल इतकं औषध घासातही जातं आणि तिथून गव्हाणीत. उगवणीपूर्व तणनाशकांत पेंडीमिथॅलीन अमरवेलीच्या उगवत्या धाग्यावर परिणाम करतं हे बऱ्याच पिकांत दिसलेलं आहे. सोयाबीनसारख्या पिकात ते लेबलवर असतं. घासासाठी वापरायचं तर प्रमाण, वेळ आणि फवारणीनंतर किती दिवस चारा कापायचा नाही, हे तीनही जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून विचारल्याशिवाय हात घालू नका. वेल चढल्यावर मात्र त्याचा उपयोग नाही, बाटली कितीही महागाची असली तरी.

नवं बियाणं

घरचं बियाणं धरायची आपली पद्धत चांगली आहे, पण अमरवेल असलेल्या रानातून ते धरू नये. उन्हाळ्याच्या तोंडाशी कापणी थांबवून घास बियाला सोडतात, आणि नेमका तोच काळ वेलीला फुलून पिकायला मिळतो. दोन्हींचं बी एकत्र झोडपलं जातं.

विकत घेताना निळ्या टॅगचं प्रमाणित बियाणं मागा. घासाच्या प्रमाणीकरणात अमरवेल हे आक्षेपार्ह तण धरलेलं आहे, त्यामुळे तपासणीत तिच्याकडे स्वतंत्र लक्ष दिलं जातं. 'आरएल-88' हा राहुरीचा वाण आपल्याकडे चांगला रुळलेला आहे. बाजारात सुटं, पोत्यातलं, स्वस्त मिळतं ते घेऊ नका, दुकानदार कितीही ओळखीचा असो.

तरीही पेरण्याआधी मूठभर बी पांढऱ्या ताटात पसरून उन्हात बघा, साधं भिंग असेल तर उत्तम. घासाचं बी पिवळसर, गुळगुळीत, चकाकणारं, किडनीच्या आकाराचं, दोन मिलिमीटरच्या आसपास. अमरवेलीचं त्याच्या निम्म्याहून थोडं मोठं, राखाडी तपकिरी, खरबरीत. एक बाजू फुगीर आणि बाकीच्या चपट्या. बारीक चाळणीने त्यातलं बरंच खाली पडतं. पण काही दाणे वाळक्या फळात जोडीने चिकटलेले राहतात, त्यांचा आकार घासाच्या बियाएवढा होतो आणि ते चाळणीवरच राहतात. बियाणं प्रक्रिया केंद्रांत यासाठी लोखंडाची बारीक भुकटी वापरतात: ती खरबरीत दाण्याला चिकटते, गुळगुळीत घासाला नाही, मग चुंबकाने ते दाणे वेगळे होतात. घरी हे शक्य नाही, म्हणून ताटात पाच-सहा जरी खरबरीत दाणे दिसले तरी ती पिशवी परत करा.

बांधावरची जाड वेल

ही मुख्यतः तुकड्यांनी पसरते, आणि बऱ्याचदा माणसाच्या हाताने. केसांच्या तेलासाठी कुणी तुकडा आणतं, उरलेला कुंपणाच्या मेंदीवर टाकतं, दोन पावसाळ्यांत अख्खं कुंपण पिवळं. दोरे ओढत बसू नका. ज्या फांद्यांवर वेढे आहेत त्या फांद्या वेढ्याच्या वीतभर खाली छाटा आणि तिथेच वाळवून जाळा. कुंपण पार झाकलं गेलं असेल तर बुडापासून छाटा, मेंदी पुन्हा फुटते. हे काम वेलीला फळ धरायच्या आत करा. बोरीबाभळीच्या शेंड्यापर्यंत गेलेली असेल तर निदान खालच्या, घासाकडे लोंबणाऱ्या फांद्या तरी मोकळ्या करा.

पुन्हा घास कधी पेरायचा

रान पुन्हा घासाला द्यायच्या आधी एक चाचणी करता येते. मार्चनंतर, ऊब असताना, जुन्या ठिपक्यांच्या जागांची वरची दोन इंच माती घमेल्यात आणा. त्यात स्वच्छ केलेलं घासाचं बी दाट पेरा, रोज हलकं पाणी शिंपडा, आणि महिनाभर रोपांच्या बुडाशी लक्ष ठेवा. एकही पिवळा धागा दिसला तर त्या रानात आणखी दोन हंगाम ज्वारी किंवा मका. काहीच दिसलं नाही तरी कठीण कवचाचं थोडं बी मातीत झोपलेलं असणारच, म्हणून सगळं रान एकदम घासाला न देता आधी पाच-सहा गुंठे पेरा आणि पहिल्या फेब्रुवारी-मार्चची काठ्यांची फेरी त्यात नक्की करा.